वेगेनर यांना नाकारणे खरोखरच ‘शास्त्रशुद्ध’ होते काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

भूखंडवहनाच्या, म्हणजे भूखंड सरकतात या कल्पनेपासून भूपट्ट विवर्तनिकीपर्यंतच्या, म्हणजे पृथ्वीचे कवच सरकत्या पट्टांचे बनले आहे या सिद्धांतापर्यंतच्या वाटचालीवर मी लिहिलेल्या लेखावरील आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. आल्फ्रेड वेगेनर हे मुळात हवामानशास्त्रज्ञ होते, भूखंड कशामुळे सरकतात हे त्यांना सांगता आले नाही, म्हणून त्या काळी त्यांचा सिद्धांत फेटाळणे हेच शास्त्रशुद्ध होते, असे आपले म्हणणे आहे. ‘खेड्यातल्या भूगोलाच्या मास्तरांनी’ त्यांना हुतात्मा बनवून वाचकांची दिशाभूल करू नये, असेही आपण सुनावले आहे. याखेरीज लेखाची लांबी, नकाशाचा दर्जा आणि ब्रिटिश भूशास्त्रज्ञ आर्थर होम्स यांचा अनुल्लेख यांवर ताशेरे आहेतच.

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्या सुरात आपण लिहिले आहे, तो सूर जाणत्या माणसाला शोभत नाही, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे. गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका शाळेत मी उभी हयात भूगोल शिकवला आणि त्याचा मला अभिमान आहे. माझी विधाने चुकीची असतील तर ती खोडून काढा. माझ्या नोकरीकडे बोट दाखवल्याने ती खोडली जात नाहीत. वेगेनर यांच्या वाट्यालाही हेच आले होते. हा मनुष्य आपल्यातला नव्हे, मग खडकांविषयी याने का बोलावे, असा सूर त्यांच्या टीकाकारांतही होताच, आणि शंभर वर्षांनंतर तोच सूर आपण लावावा याचे मला वाईट वाटते.

आपली एक सूचना मात्र रास्त आहे. मी लेखाची सुरुवात वेगेनर यांच्या १९१५ च्या ग्रंथापासून केली होती. वेगेनर यांनी आपली कल्पना ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथील व्याख्यानात प्रथम मांडली, हा उल्लेख आता लेखात घातला आहे.

आता मूळ मुद्दा. ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे ढकलणारे बल आणि चंद्र-सूर्यांचे भरती-ओहोटीचे बल यांच्या जोरावर भूखंड सरकतात, असे वेगेनर यांनी सुचवले होते. ही बले त्या कामाला अत्यंत तोकडी आहेत, हे ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखवले आणि ते गणित बरोबर होते. माझ्या लेखात ते आहे, आपण ते वाचले नसावे. पण सुचवलेले कारण चुकीचे ठरले म्हणजे घडलेली गोष्ट खोटी ठरते काय? चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडकाच्या पृष्ठभागावर एका दिशेने गेलेले समांतर ओरखडे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनदीने तळाशी धरलेले दगडगोटे त्या खडकावरून फरफटत नेले, त्याच्या या खुणा आहेत. आज उन्हाळ्यात जिथे अंगाची लाही होते तिथे, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या जागी, हिमनदी कशी आली? त्याच सुमाराच्या हिमखुणा दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात. भूखंड जागचे हलत नाहीत असे मानणाऱ्यांना याचे समाधानकारक उत्तर देता येत नव्हते, आणि तरीही उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या वेगेनर यांच्यावर टाकली गेली.

विरोध केवळ कारणमीमांसेच्या अभावामुळे झाला, हेही खरे नाही. वेगेनर यांचे मानायचे तर गेल्या ७० वर्षांत शिकलेले सारे विसरून पुन्हा श्रीगणेशा करावा लागेल, असे उद्गार काढले गेल्याचे अमेरिकी भूशास्त्रज्ञ रॉलिन चेंबरलिन यांनी १९२८ साली नोंदवून ठेवले आहे. हा आक्षेप बलाच्या मोजमापाचा नाही. हातचे सुटेल, या भीतीचा आहे.

ज्या होम्स यांचे नाव मी घेतले नाही म्हणून आपण रागावलात, त्यांनीच आपल्या युक्तिवादाचा पाया काढून घेतला आहे. किरणोत्सारामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात, अभिसरण प्रवाह वाहतात आणि ते भूखंडांना वाहून नेतात, ही कारणमीमांसा त्यांनी १९३१ साली छापून प्रसिद्ध केली. अडचण फक्त कारणाची असती तर त्या वर्षापासून विरोध मावळायला हवा होता. तो पुढे तीस वर्षे टिकला. उलट १९६७-६८ मध्ये मॅकेन्झी, पार्कर, मॉर्गन आणि ल पिशाँ या शास्त्रज्ञांच्या लेखांनी भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला, तेव्हा भूपट्टांना नेमके कोणते बल चालवते याविषयी एकमत झालेले नव्हते. बुडणाऱ्या भूपट्टाच्या वजनाच्या ओढीचा वाटा किती, यावर नंतरही वर्षानुवर्षे वाद चालला. म्हणजे कारण पक्के होण्याआधीच सिद्धांत स्वीकारला गेला, आणि तो स्वीकारला गेला पुराव्यावर.

हा पुरावा आपल्या अंगणातला आहे, म्हणून मला त्याचे अधिक अगत्य. १९६२ साली ‘ओवेन’ या ब्रिटिश नौकेने हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग या सागरतळीच्या पर्वतरांगेवर चुंबकीय मोजणी केली. ही रांग अरबी समुद्राच्या नैर्ऋत्येला आहे. केंब्रिजमधील संशोधक विद्यार्थी फ्रेड व्हाइन आणि त्यांचे मार्गदर्शक ड्रमंड मॅथ्यूज यांना त्या आकड्यांत उलट दिशेने चुंबकित झालेला सागरतळ दिसला. रांगेच्या माथ्यावर नवा तळ तयार होतो, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटते आणि त्याची नोंद पट्ट्यापट्ट्यांनी तळात उमटत जाते, हा त्यांचा अर्थ सप्टेंबर १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी त्याच वर्षी हीच कल्पना दोन नियतकालिकांकडे पाठवली होती. दोन्हीकडून ती परत आली आणि एका परीक्षकाने तर ती मेजवानीतल्या गप्पांच्या लायकीची ठरवली. यालाही आपण शास्त्रशुद्ध नकार म्हणणार काय? ‘ओवेन’ची सफर ज्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत झाली, तिच्यातूनच १९६६ साली दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली.

मी खडक पाहिलेले नाहीत, असा आपला समज दिसतो. गोव्याच्या ईशान्य टोकाला, चोर्ला-सुर्ल परिसरात, दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. तो थंड होताना त्यातील मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण तेव्हाच्या चुंबकीय दिशेत कायमचे अडकले. दख्खनच्या बेसाल्टमधील ही दिशा क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ सालीच मोजून प्रसिद्ध केली होती. त्या दिशेवरून दिसते की तो लाव्हा वाहिला तेव्हा, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस ढोबळमानाने ३० अंशांवर होती. आज गोवा उत्तरेस १५ अंशांवर आहे. ४५ अंश म्हणजे जवळजवळ ५,००० किलोमीटर, अर्थात वर्षाला सरासरी साडेसात सेंटिमीटर. हे गणित मी दरवर्षी नववीच्या मुलांकडून त्या खडकाचा तुकडा हातात देऊन फळ्यावर सोडवून घेत असे, आणि एकाही मुलाने मला ‘पण बल कोणते?’ असे विचारून अंतर नाकारले नाही. बल त्यांनी नंतर विचारले, आणि तो क्रम योग्य होता.

लेखाची लांबी आणि नकाशा यांविषयी मला काही म्हणायचे नाही. ज्याला लांब वाटतो त्याने वाचू नये.

एका प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याकडून हवे आहे. जेफ्रीज यांचा विरोध फक्त कारणाच्या अभावामुळे होता, असे आपण म्हणता. मग चुंबकीय पट्टे, भूकंपांच्या नोंदी आणि सागरतळाचे वय हे सारे समोर आल्यानंतरही, १९८९ साली निधन होईपर्यंत, त्यांनी हा सिद्धांत का मानला नाही? व्यक्तिगत शेरे वगळून आपण उत्तर लिहिलेत तर मी ते येथे जसेच्या तसे प्रसिद्ध करीन.