बॉक्सलाही मराठी बोलू द्या

इन्फ्लुएन्सरनं स्वतःचा स्किनकेअर ब्रँड काढला की बरेचजण नाक मुरडतात. मी नाही मुरडत. कोल्हापुरात राजारामपुरीत पॅकेजिंग डिझाइनचं काम करते, त्यामुळे अशी पोरंपोरी भेटत असतात. आपलं बोलणं आणि एक फोन, एवढ्यावर त्यांनी लोकांचा विश्वास मिळवलाय. ही कमाई लहान नाही. म्हणूनच त्यांचा बॉक्स हातात घेतला की जीव तुटतो.

रील अस्सल कोल्हापुरीत आणि बॉक्स अख्खा इंग्रजीत! कायद्यानं लागणारी माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावी लागते, हे खरं. पण सोबत मराठी छापायला कुणीही अडवलेलं नाही. रेटिनॉल, म्हणजे त्वचेला लावायचं व्हिटॅमिन ए, रात्री लावायचं, सकाळी सनस्क्रीन चुकवायचं नाही, गरोदरपणात वापरायचं नाही, हे गडहिंग्लजच्या मुलीला तिच्या भाषेत का कळू नये? ती तुमचं मराठी ऐकूनच गिऱ्हाईक झाली ना?

‘ऱ्होडसारखं करा’ ही मागणी ठरलेली. अमेरिकन मॉडेल हेली बीबरनं २०२२ मध्ये तो स्किनकेअर ब्रँड काढला आणि २०२५ मध्ये ई.एल.एफ. ब्यूटी या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं तो एक अब्ज डॉलरपर्यंतच्या व्यवहारात घेतला, हे सगळ्यांना पाठ असतं. ऱ्होडच्या फोन कव्हरमध्ये ओठांना लावायची ट्यूब बसते. आरशासमोर सेल्फी काढला की ट्यूब आपोआप फोटोत येते. केवढा विचार आहे त्यात! आपण मात्र तिथला राखाडी रंग तेवढा उचलतो.

बाटलीचंही तेच. व्हिटॅमिन सी, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, उजेडानं आणि हवेनं खराब होतं, सीरम पिवळं-तपकिरी पडतं. तरी हट्ट पारदर्शक काचेचा आणि ड्रॉपरचा, का तर व्हिडिओत थेंब छान दिसतो. अशा सीरमला गडद किंवा अपारदर्शक बाटली आणि आत हवा न जाऊ देणारा एअरलेस पंप द्यावा. महाग पडतो, मान्य आहे. मग फॉइल स्टॅम्पिंग, म्हणजे सोनेरी-रुपेरी छपाई काढा, बॉक्सवरचं स्पॉट यूव्ही, म्हणजे ठरावीक जागची चकाकी काढा, पण पंप ठेवा. आणि लेबल प्लास्टिक फिल्मचं घ्या. साधं कागदी लेबल न्हाणीघरातल्या ओलीला टिकत नाही, त्यात आपला पावसाळा.

सगळ्यात जास्त राग येतो तो मागच्या बाजूचा. पुढं केशराचं मोठ्ठं चित्र, मागं घटकांच्या यादीत केशर पार तळाला. एक टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, त्याखालचे शेवटी कसेही चालतात. हे वाचता येणारी गिऱ्हाइकं आता कोल्हापुरातही आहेत. बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं, हे सगळं राखाडीवर राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरात. माल दुसऱ्याच्या कारखान्यात बनतो यात लाज कसली? ठळक लिहा.

माझ्याकडे येताना मूडबोर्ड, म्हणजे आवडलेल्या रंगा-चित्रांचा तक्ता, नंतर आणा. आधी घटकांची पूर्ण यादी आणि मराठीत लिहिलेली वापरायची पद्धत आणा, मागची बाजू पहिली लावू. रंग त्यानंतर.