कॉन्वीचा बाहेरचा चौक: विहीर, भट्टी आणि पहारा

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लेख नीट वाचून, मनापासून लिहिलेली आहे. नुसते आभार मानून गप्प बसणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. वेल्समधल्या कॉन्वी किल्ल्याच्या बाहेरच्या चौकावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर या वाचकांचे तीन आक्षेप आहेत. किल्ला लढण्यासाठी बांधतात, आणि मी मात्र स्वयंपाकघर, तबेला, विहीर यांतच रमलो; दाराचा बंदोबस्त दोन ओळींत उरकला. दुसरा आक्षेप असा की एवढ्या किल्ल्याला तीस माणसांची शिबंदी पुरणं शक्यच नाही, आकडा चुकला असणार. आणि तिसरा, आतल्या भागाला बालेकिल्ला म्हटलं तर बाहेरच्याला माची का म्हटलं नाही?

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. माची म्हणजे डोंगराचा खांदा. ती निसर्गानं दिलेली असते, आपण तिला तट घालतो. कॉन्वीला तसा खांदाच नाही. नदीच्या मुखाशी एक लांबट, अरुंद खडक आहे, त्याच्या कडेकडेनं एकच तट फिरवलाय, आणि मध्ये आडवी भिंत घालून त्याचे दोन चौक केलेत. पश्चिमेचा मोठा चौक शिबंदीचा, पूर्वेचा छोटा राजाचा. बालेकिल्ला हा शब्द मी कामाच्या दृष्टीनं वापरला, उंचीच्या दृष्टीनं नाही. तिथे गोंधळ झाला असेल तर तो माझ्या लिहिण्यामुळे झाला.

दाराबद्दल तुमचं म्हणणं मान्य. दोन ओळी फारच कमी होत्या. पूर्वी गावाच्या बाजूनं एक दगडी चढण वर येत होती, ती आता बरीचशी नाहीशी झाली आहे. चढण संपली की उचलता पूल, त्यापलीकडे दारापुढचं छोटं बंदिस्त आवार. इथवर आलेला माणूस खऱ्या दारात अजून पोचलेला नसतो. दाराच्या वर, तटाच्या माथ्याशी, दगडी तोड्यांवर एक कड पुढे काढली आहे आणि तिच्या तळाला भोकं ठेवली आहेत. दाराशी जमलेल्यांच्या डोक्यावर तिथून सरळ दगड टाकता यायचे. ब्रिटनमध्ये शिल्लक राहिलेल्या अशा दगडी कामात हे सर्वांत जुनं समजतात. दाराच्या दोन्ही अंगांना एकेक बुरूज. हे सगळं ओलांडून कुणी चौकात शिरलाच, तरी समोर आडवी भिंत, तिच्यापुढे खडकात खोदलेला खंदक आणि त्यावर दुसरा उचलता पूल. भोवतीच्या सगळ्या बुरुजांचे बाण या चौकात पडणार. म्हणजे हे आवार शत्रूला उघड्यावर गाठण्यासाठीही होतं.

आता शिबंदीचा आकडा. तो चुकलेला नाही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं 1283 मध्ये बांधकाम सुरू केलं आणि 1287 पर्यंत मुख्य काम उरकलं. विल्यम द सिकॉन हा पहिला किल्लेदार. 1284 च्या नेमणुकीत त्याला वर्षाला 190 पौंड ठरले आणि त्या रकमेत त्यानं 30 माणसं पोसायची होती. त्यांची फोडही दिलेली आहे: 15 क्रॉसबोवाले (आडव्या धनुष्याचे तिरंदाज), एक पाद्री, एक हत्यारं दुरुस्त करणारा, एक सुतार, एक गवंडी, एक लोहार. उरलेल्या दहांत दरवान, पहारेकरी आणि बाकीचे नोकर.

ही यादी जरा थांबून वाचा, अशी माझी विनंती आहे. तीस माणसांत लढणारे म्हणून लिहिलेले पंधरा. निम्मेच. बाकीचे दार उघडणारे, रात्री जागणारे, खिळे ठोकणारे, दगड बसवणारे. ज्यानं ही यादी केली त्याला किल्ला कशानं टिकतो हे पक्कं ठाऊक होतं. आणि हे तीस जण उघड्यावर नव्हते. त्यांच्यापुढे 21 बुरुजांचा, तीन दरवाजांचा गावकूस होता, आत वसवलेली इंग्रज घरं होती, आणि किल्लेदारच गावाचा मेयरही होता. वेल्श माणसाला त्या गावात घर करायला बंदी होती. ज्यांची जमीन, ज्यांचा मठ हलवून हे उभं केलं त्यांनाच बाहेर ठेवलं होतं, आणि पाठीशी समुद्र मोकळा होता. तीस माणसं पुरायची ती या हिशेबानं.

आणि आता तुमचा पहिला आक्षेप, ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय, ‘भाकरी कुठे भाजली यानं लढाई ठरत नाही.’ मला हे पटत नाही.

बाहेरच्या चौकात उभं राहिलं की उजव्या हाताला लांबलचक दिवाणखाना दिसतो, सुमारे 38 मीटर. खडकाची कड वळते तशी त्याची भिंतही वळलेली आहे, म्हणून तो धनुष्यासारखा वाकडा आहे. जेवण, प्रार्थना, उठणं-बसणं सगळं इथे. पूर्वेच्या टोकाला चॅपल. डाव्या हाताला, उत्तरेच्या तटाला चिकटून, स्वयंपाकघर आणि तबेला. त्यांचे आता पायाचे दगड तेवढे गवतात उरलेत. आणि समोर, दुसऱ्या उचलत्या पुलाच्या अलीकडे, विहीर. खडकात 91 फूट खोदलेली.

त्या विहिरीपाशी मी बराच वेळ उभा होतो. पाऊस भुरभुरत होता, तरी खाली पाणी दिसत नव्हतं, नुसता काळोख. आमच्या गावाकडच्या आडाचं पाणी काढताना हाताला रहाटाचे वळ उठायचे, आणि तो आड याच्या निम्माही खोल नव्हता. घोडा दिवसाला तीसेक लिटर पाणी पितो. तबेल्यात दहाच घोडे धरले तरी तीनशे लिटर झाले. माणसांचं, स्वयंपाकाचं, लोहाराच्या कुंडाचं वेगळं. पोहरा रोज शंभरदा खालीवर करणारं कुणीतरी या चौकात होतं. त्या माणसाचं नाव कुठल्याच हिशेबात नाही. वेढा पडल्यावर सगळ्यांत आधी ज्याच्यावर भार यायचा तो हाच.

वेढा पडलाही. 1294 मध्ये मॅडॉग अप लिवेलिन या वेल्श सरदारानं उठाव केला. राजा एडवर्ड स्वतः कॉन्वीत आला, आणि 1295 च्या जानेवारीत तिथेच अडकून पडला. बाहेर उठावकरी, रसद फक्त समुद्रातून. त्या काळचा एक बखरकार लिहितो की खारवलेलं मांस आणि जाडीभरडी भाकर खाऊन, मध घातलेलं पाणी पिऊन दिवस काढले. दारूचं एकच पिंप राजासाठी राखून ठेवलं होतं, पण तो एकट्यानं प्यायला तयार झाला नाही. त्याच उठावात कार्नार्वन हे एडवर्डचंच दुसरं ठाणं पडलं, कारण तिथला तट अजून पुरा झालेला नव्हता. कॉन्वी टिकलं. तट पुरा होता हे एक कारण, पण आत खायला-प्यायला काय होतं, हे सोडून ती हकिगत सांगताच येत नाही.

आता छपराचं सांगतो. 1321 च्या पाहणीत नोंद आहे की छपरं गळतात, लाकडं कुजली आहेत, साठा अपुरा आहे. समुद्रकाठचा पाऊस आणि लाकडी तुळया, दुसरं काय होणार! पुढे 1346 च्या सुमारास दिवाणखान्याचं छप्पर पेलायला लाकडाऐवजी दगडी कमानी घातल्या. त्यातली एक अजून उभी आहे, उघड्या आभाळाखाली एकटीच. इतकं सांगण्याचं कारण, असल्या किल्ल्यात सुतार, गवंडी, छप्परवाले यांची ये-जा कधी थांबत नाही. त्यांचे चेहरे दरवानाच्या ओळखीचे होतात.

1 एप्रिल 1401, गुड फ्रायडे. तेव्हा शिबंदी वाढलेली होती, 15 शिपाई आणि 60 तिरंदाज. म्हणजे पहिल्या तीसाच्या अडीचपट. जवळजवळ सगळे प्रार्थनेला गावातल्या चर्चमध्ये गेलेले, दारावर फक्त दोघं. एक सुतार आला. नेहमीच्या कामाला आलोय म्हणाला. दार उघडलं. ते दोघं मारले गेले, आणि रीस आणि ग्विलिम अप टुडूर हे वेल्श भाऊ जेमतेम चाळीस माणसांनिशी आत शिरले. चढण, उचलता पूल, माथ्यावरची ती भोकं, बुरूज, सगळं जिथल्या तिथे होतं. वरून दगड टाकायला माणूस नव्हता, आणि ज्याच्यावर टाकायचे तो रोजचा सुतार होता. किल्ला त्यांच्या ताब्यात सुमारे तीन महिने राहिला. परत मिळाला तोही वाटाघाटीनं. त्यांच्याच नऊ माणसांचे जीव त्या करारात गेले, त्यांना इंग्रजांच्या हवाली करून ठार मारलं गेलं. (याच दोघांचा भाऊ मारेडिड हा पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या सातव्या हेन्रीचा पणजोबा.)

हे लढाईतच मोडतं ना? मग सुतार रोज का येत होता, दारावर दोघंच का उरले, बाकीचे कुठे गेले होते, ही सगळी उत्तरं त्या चौकाच्या दिनक्रमात आहेत. मी स्वयंपाकघर आणि तबेल्यापाशी रेंगाळलो ते यासाठी. जे दार भाकरीसाठी, गवतासाठी, सुतारासाठी दिवसातून दहादा उघडावं लागतं, तेच शत्रूपासून जपायचं असतं. हे दोन विषय मला वेगळे करता येत नाहीत.

मूळ लेखात दाराचा भाग वाढवतोय, आणि 1401 ची हकिगत, जी मी लांबीच्या भीतीनं गाळली होती, तीही घालतोय. ती गाळणं चूक होतं. तुम्ही लिहिलं नसतं तर ती तशीच राहिली असती.

मुलाकडे मँचेस्टरला जाणार आहात असं लिहिलंय, तर कॉन्वीला नक्की जा. बाहेरचा चौक बघून झाला की लगेच राजाच्या खोल्यांकडे वळू नका. आधी आडव्या भिंतीजवळचा बेकहाउस बुरूज शोधा. बाहेरून तो बाकीच्या सात बुरुजांइतकाच जाडजूड दिसतो. आत तळमजल्याला वाकून बघा. भिंतीत पावाची भट्टी आहे.