आधी शिक्षकांची जीभ सुटू द्या

एचआयव्ही प्रतिबंधाचं प्रशिक्षण घेऊन परतलेल्या नव्या शिक्षकाला एक छोटं काम सांगून बघा. वर्गासमोर उभं राहायचं आणि वीर्य, योनी, गुदद्वार, कंडोम हे चार शब्द वाक्यात वापरायचे. हसायचं नाही, अडखळायचं नाही, आवाज खाली आणायचा नाही. बहुतेकांची गाडी दुसऱ्या शब्दालाच अडते. याच शिक्षकाला प्रशिक्षणानंतरच्या चाचणीत वीसपैकी अठरा गुण पडलेले असतात. विषाणू कोणत्या पेशींवर हल्ला करतो, पसरण्याचे मार्ग किती, सगळं पाठ. मग शाळेत तो तास कसा होतो? "हा भाग घरी वाचून या, परीक्षेला येतो." संपला तास.

म्हणून माझं म्हणणं असं की या प्रशिक्षणाचा निम्म्याहून जास्त वेळ शिक्षकांनी बोलण्यात गेला पाहिजे. तज्ज्ञाचं व्याख्यान, पडद्यावरची चित्रं, प्रमाणपत्र वाटप यांत दिवस गेला की माहिती वाढते, तोंड मात्र बंदच राहतं.

हिशोब करून बघा. सराव पाठ १५ मिनिटांचा, त्यावर चर्चा ५ मिनिटं. २४ शिक्षकांच्या तुकडीला एका खोलीत आठ तास लागतील. दोन प्रशिक्षक (शक्यतो एक बाई, एक पुरुष) आणि दोन खोल्या असतील तर चार तासांत सगळे एकेकदा उभे राहून शिकवतात. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात प्रत्येकाला दोनदा संधी देता येते. पन्नास जणांना एका दिवसात 'प्रशिक्षित' करायचं ठरवलं तर नुसत्या सराव पाठांनाच साडेसोळा तासांहून जास्त वेळ हवा. अर्थात तो नसतोच, मग कात्री सराव पाठांनाच लागते. वरच्या पातळीवर काही जण तीन दिवस शिकतात, ते खालच्यांना एका दिवसात शिकवतात, आणि तेही शाळेतल्या सहकाऱ्यांना दुपारच्या दोन तासांत उरकून देतात. प्रत्येक पायरीवर गळतो तो सराव. शेवटच्या माणसाच्या हातात उरते ती पुस्तिका.

पहिल्या दिवसाची सुरुवात शब्दांच्या तक्त्याने करावी. फळ्यावर तीन रकाने: पुस्तकातला शब्द, दवाखान्यातला शब्द, मुलांच्या तोंडचा शब्द. शरीराचे अवयव, क्रिया, साधनं, सगळं त्यात येऊ द्यायचं. शिव्यांच्या जवळ जाणारे शब्दही लिहायचे, कारण वर्गात मूल विचारेल ते त्याच शब्दांत. मग प्रत्येकाने तक्ता मोठ्याने वाचायचा. पहिली पाच मिनिटं खोलीत नुसतं खिदळणं चालतं, ते चालू द्यावं. पंधराव्या मिनिटाला कंटाळा येतो. तो कंटाळा यावा म्हणूनच हा खटाटोप.

आपल्या भाषेतल्या काही शब्दांनी या विषयाचं फार नुकसान केलंय. 'असुरक्षित संबंध' म्हटलं की मुलांना कंडोमविना संबंध असा अर्थ लागत नाही, 'लग्नाबाहेरचे संबंध' असा लागतो. मग लग्न झालं की धोका संपला, ही समजूत तिथेच पक्की होते. 'गुप्तांग' या शब्दात तर हे बोलायचं नाही अशी ताकीदच दडलेली आहे. लहान मुलाला आपल्यासोबत काही वाईट घडलं हे सांगायचं असेल, तर त्याला नेमका शब्द हवा. आणि 'एड्सग्रस्त'. एचआयव्ही हा विषाणू, एड्स ही उपचार न मिळाल्यास बहुधा काही वर्षांनी येणारी अवस्था. गोळ्या नियमित घेणाऱ्या माणसाला एड्सग्रस्त म्हणणं चूकच आहे. 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' हा शब्दप्रयोग लांबलचक आहे, पण तो माणसाला आजारात बुडवत नाही.

आता माहितीकडे. 'या चार मार्गांनी पसरतो, या दहा मार्गांनी पसरत नाही' ही यादी मुलं पाठ करतात, आणि अकरावा मार्ग कोणी विचारला की अडकतात. त्याऐवजी तीन प्रश्न शिकवावेत. विषाणू ज्यात पुरेसा असतो तो द्रव आहे का? म्हणजे रक्त, वीर्य आणि वीर्याआधी येणारा स्राव, योनीस्राव, गुदद्वारातला स्राव, आईचं दूध. त्याला शरीरात शिरायला वाट आहे का? म्हणजे योनी, गुदद्वार वा शिश्नाची नाजूक त्वचा, उघडी जखम, सुई. आणि तो द्रव खरंच त्या वाटेने आत जातोय का? या तीन प्रश्नांवर मुलं पोहण्याचा तलाव, शौचालय, एकत्र जेवण, घाम, मिठी हे सगळं स्वतःच निकालात काढतात. डासाचा प्रश्न हमखास येतो. डास चावताना स्वतःची लाळ सोडतो, आधी प्यायलेलं रक्त परत सोडत नाही. शिवाय एचआयव्ही त्याच्या शरीरात वाढत नाही, पचून जातो. दाढीच्या ब्लेडबद्दल मात्र सावध उत्तर द्यावं. एचआयव्ही शरीराबाहेर लवकर दुबळा होतो, पण हिपॅटायटीस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकू शकतो. म्हणजे ब्लेड वेगळंच हवं.

शिक्षकांची स्वतःची माहिती बरेचदा शिळी असते. ते शाळेत होते तेव्हाचं 'एचआयव्ही म्हणजे मरण' डोक्यात घट्ट बसलेलं असतं. म्हणून काही गोष्टी प्रशिक्षणात घोटून घ्याव्या लागतात. नियमित औषधाने रक्तातलं विषाणूचं प्रमाण चाचणीत न दिसण्याइतकं खाली गेलं आणि तसंच राहिलं, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. स्तनपानाला हा नियम जसाच्या तसा लावू नये. तिथे धोका खूप घटतो, शून्य होतो असं म्हणता येत नाही. काहीच उपाय केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, उपचारांनी ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं. धोकादायक प्रसंग घडल्यावर लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाच्या बाबतीत हा ७२चा आकडा शिक्षकाला झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. बोट टोचून केलेली झटपट चाचणी आज निगेटिव्ह आली तरी तीन महिने उलटल्याशिवाय ती शेवटची समजायची नाही. आधीपासून घ्यायची प्रतिबंधक गोळीही आहे. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाव्हिर या इंजेक्शनचीही शिफारस केली. हे सगळं मुलांना एका दमात सांगायचं नसतं, पण विचारलं तर शिक्षक चुकता कामा नये.

एक खेळ मात्र बंद व्हावा असं मला मनापासून वाटतं: हस्तांदोलनाचा. मुलं एकमेकांशी हात मिळवत फिरतात, शेवटी 'ज्याच्या हातात खुणेची चिठ्ठी होती त्याने इतक्यांना लागण दिली' असं जाहीर होतं. पंधरा मिनिटं खर्चून तुम्ही मुलांच्या अंगात काय मुरवलंत? हात मिळवला की एचआयव्ही होतो! नंतर तोंडाने कितीही वेळा 'हे फक्त उदाहरण होतं' म्हणा.

त्याऐवजी पेल्यांचा प्रयोग करा. प्रत्येकाला अर्धा पेला पाणी. एका पेल्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवलेला, पाणी निवळल्यावर ओळखू येत नाही. दोघांनी आपलं पाणी एका पेल्यात ओतायचं, मग निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. अशा तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी नवा जोडीदार. दोघांना पेल्यावर झाकण लावायला सांगायचं (ते म्हणजे कंडोम), दोघांनी भागच घ्यायचा नाही (तो म्हणजे संयम). शेवटी प्रत्येक पेल्यात फिनॉल्फ्थॅलीन या अल्कधर्मी पाण्यात रंग बदलणाऱ्या रसायनाचे दोन थेंब. सोडा पोचलेलं पाणी गुलाबी होतं. एकापासून दोन, चार, आठ, असे जास्तीत जास्त आठ पेले रंगतात. आदल्या दिवशी घरी करून बघा, कारण काही ठिकाणचं पाणीच जरा अल्कधर्मी असतं, मग सगळेच पेले फिकट गुलाबी होऊन प्रयोगाचा विचका होतो. पाणी कोणी पिणार नाही हे आधीच बजावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'सोडा कोणाच्या पेल्यात होता?' हे विचारायचंच नाही. तो प्रश्न पडला की वर्ग गुन्हेगार शोधायला लागतो. विचारायचं ते असं: कोणाच्या पाण्याकडे बघून ओळखता आलं? चाचणीशिवाय कळलं असतं का?

प्रश्नपेटी सगळेच ठेवतात आणि बहुतेकांची रिकामी राहते. कारण साधं आहे. प्रश्न असलेलाच उठून चिठ्ठी टाकतो, आणि तो सगळ्यांना दिसतो. सगळ्यांना एकाच मापाचा कागद द्या, सगळ्यांनी लिहायचं, प्रश्न नसेल त्याने फळ्यावरची एखादी ओळ उतरवायची, आणि सगळ्यांनी टाकायचं. चिठ्ठ्या त्याच तासाला उघडू नका. घरी नेऊन तीन गठ्ठे करा: माहितीचे प्रश्न, चूक-बरोबर काय असं विचारणारे प्रश्न, आणि ज्यांत कोणाचा तरी त्रास डोकावतोय असे. पहिल्या गठ्ठ्याची उत्तरं थेट. दुसऱ्यात स्वतःचं मत पुढे रेटायचं नाही. तिसरा गठ्ठा वर्गात वाचायचाच नाही. त्यासाठी शाळेत कोणाकडे जायचं हे आधी ठरलेलं हवं, आणि मदत कुठे मिळते हे नाव न घेता सगळ्या वर्गाला सांगायचं. 'मी कोणालाही सांगणार नाही' असं वचन शिक्षकाने कधीही देऊ नये. अत्याचाराची गोष्ट असेल तर ती पुढे न्यावीच लागते, आणि दिलेलं वचन मोडलं की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल, फक्त त्यांनाच सांगेन' एवढं खरं आहे, आणि पुरेसं आहे.

तरुण शिक्षकाला वरच्या वर्गातून एक प्रश्न येणारच: "सर, तुम्ही केलंय का?" सराव पाठात हा प्रश्न सहकाऱ्याकडून मुद्दाम विचारून घ्यावा. लाजणं, रागावणं, विनोद करणं ही तिन्ही उत्तरं वाया जातात. "इथे आपण कोणाच्याच खाजगी गोष्टी बोलत नाही, माझ्याही नाही, तुझ्याही नाही" म्हणून पुढच्या वाक्याला लागायचं.

कंडोम दाखवायची परवानगी आहे का, हे आधी मुख्याध्यापकांकडून स्पष्ट करून घ्या. असेल तर लाकडी प्रतिकृती वापरा, बोट किंवा फळ नको, बघणारा तेच लक्षात ठेवतो. नसेल तर पायऱ्यांची चित्रकार्डं विस्कटून गटांना लावायला द्या: मुदत बघणं, पाकीट दाबून आत हवा आहे का बघणं, दात न लावता फाडणं, टोक चिमटीत धरणं, मुळापर्यंत उलगडणं, बाहेर येताना कडा धरून ठेवणं, गाठ मारून कचऱ्यात टाकणं. दोन चुका कार्डांतून सुटतात, त्या तोंडी सांगा. उलटं लागलेलं कंडोम पालटून वापरायचं नाही, नवं घ्यायचं. आणि लॅटेक्सला तेल, व्हॅसलीन लावलं की ते कमकुवत होऊन फाटतं.

'टाळा, टाळा' एवढंच शिकवून भागत नाही, याचा एक चांगला पुरावा केनियातला आहे. तिथे शिक्षकांना राष्ट्रीय एचआयव्ही अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण दिलं, त्यात भर संयमावर होता. किशोरवयीन मुलींच्या गरोदरपणात फरक पडला नाही. दुसरीकडे ७१ शाळांत मुलींना, कोणत्या वयाच्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण जास्त आहे, एवढी नेमकी माहिती एका छोट्या सत्रात दिली. गरोदरपण २८ टक्क्यांनी घटलं, मोठ्या वयाच्या जोडीदारांपासूनचं विशेषतः. पास्कलीन द्युपा यांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. 'याने मुलं बिघडतील' म्हणणाऱ्या पालकांसाठी युनेस्कोची २०१८ची मार्गदर्शिका आहे: लैंगिकता शिक्षणाने मुलं लवकर संबंध सुरू करतात असं आढळलेलं नाही. पण हे पहिल्या तासाच्या आधीच्या पालकसभेत सांगायचं, तक्रार आल्यावर नाही.

शिकवताना धरून चालायचं की वर्गात एचआयव्हीसह जगणारं किंवा ज्याची आई गोळ्या घेते असं एक तरी मूल बसलंय. मग 'अशा लोकांशी' म्हणताना जीभ आपोआप थांबते, आणि हाडांचा सापळा काढलेलं चित्र भिंतीवर लावावंसं वाटत नाही. त्या चित्राने भीती बसते ती चाचणीची.

प्रशिक्षणानंतर महिन्याभरात कोणीतरी जाऊन एक तास मागे बसून बघावा. पाठ टाचण तपासत बसण्यापेक्षा प्रश्नपेटी उघडावी. चिठ्ठ्यांत सगळे प्रश्न 'एचआयव्हीचं पूर्ण रूप काय?' छापाचे असतील, तर मुलांनी ओळखलंय की या सरांकडे पुस्तकातलंच मिळतं. त्या शिक्षकाला नवी पुस्तिका देऊ नका. पहिल्या दिवशीचा तीन रकान्यांचा तक्ता काढा आणि तो पुन्हा एकदा मोठ्याने वाचून घ्या.