गणपूर्तीअभावी

आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढल्यावर सभासदांनी ती पाटी तिथंही पाळली. म्हणजे कामाच्या विषयांपुरती. सुप्रभात, आवळ्याचे फायदे वगैरेंना पाटी लागू नसावी.

माझा मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढ्या पात्रतेवर कार्यकारिणीनं 'सभासदांचा ऑनलाइन सहभाग वाढवणे' हे खातं माझ्या गळ्यात मारलं. मुलगा बंगळुरूला असतो, ही तांत्रिक अडचण कुणी विचारात घेतली नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आम्हाला अनुदान मिळतं, ते कधी येतं हे सांगवत नाही, त्यामुळे वर्गणीदार टिकवणं भाग. शिवाय आमचे चिटणीस कुठूनसं ऐकून आले होते की हल्ली माणसं मोबाइलवर 'अ‍ॅक्टिव्ह' असतात.

पहिला प्रयोग दिवाळी अंकांचा. योजनेत कोणत्या अंकांच्या जादा प्रती घ्यायच्या, यावर ग्रुपवर मतदान ठेवलं. पोलमध्ये बारापेक्षा जास्त पर्याय बसत नाहीत, त्यामुळे तेराव्या अंकाचे चाहते दुखावले. त्यातून कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं! निवृत्त मुख्याध्यापकांनी फोनच केला. "अहो, मतदान गुप्त असतं, नागरिकशास्त्रात काय शिकलात?" मग मतं फोनवर येऊ लागली. एका आजींनी काउंटरवर घडी घातलेली चिठ्ठी दिली आणि 'शेजारणीला कळू देऊ नका' अशी खूण केली. एका सज्जनांनी, कुणाचं मन मोडायला नको म्हणून, बाराच्या बारा पर्यायांवर टिचकी मारली. निकाल काय लावणार? एवढ्यात १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, ही माहिती तीन सभासदांनी स्वतंत्रपणे पाठवली आणि तिघांचं अभिनंदन करण्यात मूळ विषय वर सरकून दिसेनासा झाला.

नंतर वार्षिक सर्वसाधारण सभा. हॉलचं भाडं वाचेल म्हणून ती ऑनलाइन घ्यायची ठरली. आता आमच्या घटनेत स्पष्ट आहे: गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी पुन्हा भरवावी, त्या सभेला गणपूर्तीची अट नाही. आमची गणपूर्ती आजवर झालेली नाही. सभासद मुळात अर्ध्या तासानंतरच येतात, कारण खरी सभा तेव्हा असते हे त्यांना पाठ आहे. आणि झूमवरची फुकटातली सभा चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडते. चाळिसातून तीस गेले, उरली दहा मिनिटं. मी म्हटलं, तहकुबीच्या काळात सभा बंद करून पुन्हा चालू करू. वकीलसाहेबांनी हरकत घेतली. "नवी लिंक म्हणजे नवं ठिकाण. 'त्याच ठिकाणी' या शब्दांचं काय करता?"

तेव्हा तो अर्धा तास आम्ही सात जण एकमेकांकडे बघत बसलो. एका चौकटीत नुसता छताचा पंखा फिरत होता. मग अध्यक्षांनी "व्यासपीठावरील सन्माननीय" अशी सुरुवात केली. व्यासपीठावर म्हणजे त्यांच्या दिवाणावर, त्यांच्या सौभाग्यवती मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर करून नमस्कारही केला. मागील इतिवृत्त वाचून कायम करेपर्यंत पडदा काळा झाला. हिशेबपत्रकं मंजूर झाली की नाही, यावर मतभेद आहेत.

खातं परत करावं अशा विचारात होतो, तेव्हा ग्रंथपालबाईंनी ग्रुपवर एक फोटो टाकला. परत आलेल्या रहस्यकथेचं पहिलं पान, त्यावर पेन्सिलनं ठसठशीत अक्षरात: 'खुनी माळी आहे. वेळ घालवू नका.' खाली बाईंचा एकच प्रश्न, "हे कुणाचं काम?"

वर्षानुवर्षं मुकी असलेली माणसं बोलू लागली. 'ख'च्या गाठीवरून मुख्याध्यापकांनी अक्षर आपल्याच एका विद्यार्थ्याचं असल्याचं जाहीर केलं. तो विद्यार्थी आता साठीला आलाय, ग्रुपवरच होता, आणि त्यानं मास्तरांना पहिल्यांदा उलट उत्तर दिलं. वकीलसाहेबांनी संशयाचा फायदा मागितला. रात्री उशिरा पंखेवाले सभासद अवतरले: "पुस्तक मी वाचलंय. खुनी माळी नाही."

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी पायऱ्यांवर माणसं उभी. त्या पुस्तकासाठी नंबर लावायला वहीचं वेगळं पान उघडावं लागलं. दोघांनी थकलेली वर्गणी भरली, कारण बाईंनी त्याशिवाय नाव लिहायला नकार दिला.

कार्यकारिणीच्या बैठकीत, चक्क गणपूर्तीसह, माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. चिटणीस मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "रहस्यकथांचं एक कपाट आहे आपल्याकडे. पेन्सिलचा खर्च 'किरकोळ'मध्ये टाकता येईल."


मी अक्षर फार ओळखीचं असल्याची सबब सांगितली. आता बाईंची भाची येणार आहे. तिचं अक्षर म्हणे डॉक्टरी आहे.