ॲनिमोन नसेल तर क्लाउनफिशचे हाल होतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिश हा छोटा, पट्टेरी समुद्री मासा कसा पाळावा, या माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. ॲनिमोनशिवाय (म्हणजे डंखणाऱ्या शुंडांच्या ज्या समुद्री प्राण्यात हा मासा आसरा घेतो त्याच्याशिवाय) क्लाउनफिश पाळायला सांगणं हा माशावर अन्याय आहे. दुकानदार नर-मादी ओळखून देत असताना ‘दोन लहान मासे घ्या’ हा सल्ला चुकीचा आहे. आणि उन्हाळ्यात चिलरऐवजी (टाकीचं पाणी गार करणाऱ्या यंत्राऐवजी) पंखा चालतो, हे लेखात सरसकट लिहायला नको होतं.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य, म्हणून आधी तोच घेऊ. पंख्याने पाणी गार होतं ते वाफ झाल्यामुळे. एप्रिलमधल्या विदर्भाच्या कोरड्या हवेत टाकीचं तापमान त्यामुळे दोन-तीन अंशांनी उतरतं. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत हवाच इतकी दमट असते की वाफ व्हायला वाव राहत नाही. पंखा फिरत राहतो आणि पाणी तीसच्या आसपासच अडकतं. आपल्याला हवं असतं २५ ते २७. म्हणजे कोकणपट्टीत चिलर किंवा खोलीत एसी हवाच. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. पंखा वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहून गेली होती, तीही जोडली: वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. १०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडालं आणि तीन दिवस भर घातली नाही, तर क्षारता (लिटरमागे मिठाचे ग्रॅम) ३५वरून साधारण ३८.५वर जाते. ही भर रोज आणि साध्या आरओ पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही.

आता ॲनिमोन. समुद्रात क्लाउनफिशला ॲनिमोन लागतो, यात वाद नाही. त्याचं पोहणं बेताचंच. आसऱ्यापासून लांब गेला की मोठा मासा त्याला गिळतो. मोबदल्यात क्लाउनफिश ॲनिमोनचे लचके तोडणाऱ्या फुलपाखरू माशांना हुसकावतो, आणि त्याच्या उत्सर्गातला अमोनिया ॲनिमोनच्या अंगातल्या सूक्ष्म शैवालाला खत म्हणून मिळतो. पण या नात्याचं मूळ शिकाऱ्याच्या भीतीत आहे. टाकीत शिकारीच नसेल तर मासा खातो, वाढतो, अंडीही घालतो. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रांनी क्लाउनफिशच्या बंदिस्त पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. हॅचरीत पिल्लं वाढतात ती नुसत्या टाकीत, ॲनिमोनशिवाय. अंड्यांसाठी जोडीला कौल, फरशीचा तुकडा किंवा आडवी ठेवलेली मातीची कुंडी पुरते.

हाल होतात ते बहुतेक वेळा ॲनिमोनचे. क्लाउनफिश पाचेक आठवडे सायकल झालेल्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू रुजलेल्या टाकीत तग धरतो. ॲनिमोनला निदान सहा महिने, खरं तर वर्षभर स्थिरावलेली टाकी लागते. त्याचं बरंचसं पोषण अंगातल्या शैवालाकडून येतं, म्हणून रीफसाठीचा (प्रवाळांच्या टाकीसाठीचा) जोरदार प्रकाश हवा. क्षारता विशिष्ट गुरुत्वाच्या मापात १.०२५-१.०२६वर स्थिर हवी आणि नायट्रेट दहा पीपीएमच्या (दशलक्षात दहा भागांच्या) आत. दुकानात पांढराशुभ्र, देखणा दिसणारा ॲनिमोन बहुधा शैवाल गमावलेला, म्हणजे उपाशी प्राणी असतो. गडद पिवळा किंवा जांभळा असेल तर रंगवलेला असण्याची शक्यता धरा. तोंड सैल उघडं पडलेलं दिसलं तर घेऊच नका.

मासा आणि ॲनिमोन यांची जोडी जुळण्याचाही प्रश्न आहे. सर्वांत जास्त विकला जाणारा ऑसेलॅरिस क्लाउन निसर्गात तीनच जातींच्या ॲनिमोनमध्ये राहतो: मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी. तिन्ही सांभाळायला अवघड. टाकीत त्यातल्या त्यात सोपा बबल-टिप हा वेगळ्या जातीचा ॲनिमोन. त्याच्यात ऑसेलॅरिस कधी शिरतो, कधी महिनोन् महिने ढुंकूनही पाहत नाही. हॅडोनी कार्पेट ॲनिमोन तर टाकीतले इतर मासेही पकडून खातो.

सुरुवातीला ॲनिमोन नको, हा माझा आग्रह मात्र मुख्यतः औषधांमुळे आहे. नव्या क्लाउनफिशला घेरणारे रोग दोन. वेल्व्हेटमध्ये अंगावर सोनेरी भुकटी पसरल्यासारखं दिसतं, श्वास जलद होतो आणि मासा दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. त्यावर चिलेटेड (दुसऱ्या रेणूंत बांधलेलं) तांबं, २ ते २.५ पीपीएम, रोज टेस्ट किटने मोजून. (आयनिक, म्हणजे न बांधलेल्या तांब्याचं माप अगदी वेगळं, ०.१५ ते ०.२० पीपीएम, बाटलीवर कोणतं आहे हे वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका.) दुसरा ब्रुकलिनेला: अंगावर पांढरी चिकट साय सुटते, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. यावर तांबं चालत नाही. वेगळ्या बादलीत १० लिटर खाऱ्या पाण्याला ३७ टक्क्यांचं फॉर्मलिन १.५ मिली, जास्तीत जास्त ४५ मिनिटं, एअर पंप जोरात लावून, कारण फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन घटवतं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती फेकून द्या, तो विषारी असतो. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. मासा कलंडला तर लगेच बाहेर काढा.

तांबं ॲनिमोनला मारतं. म्हणजे पहिल्याच दिवशी मासा आणि ॲनिमोन एकत्र सोडले की रोग दिसल्यावर त्या टाकीत औषध टाकता येत नाही. म्हणून आधी मासा, तोही ४० लिटरच्या उघड्याबोडक्या क्वारंटाइन टाकीत महिनाभर: स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. वाळू आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) नको, ती तांबं शोषून घेतात आणि माप चुकतं.

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर थोडक्यात देता येतं. लहान क्लाउनफिश नर-मादी म्हणून ओळखता येत नाहीत, कारण तो फरक अजून पडलेलाच नसतो. गटातला सर्वांत मोठा, वरचढ मासा मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर. मादी मेली की नर मादी होतो. हा बदल पुन्हा उलटत नाही. फ्रिके आणि फ्रिके या संशोधकांनी १९७७मध्येच हे दाखवून दिलं आहे. म्हणून दोन मोठे, सारख्या आकाराचे मासे ‘जोडी’ म्हणून घेतले तर दोन्ही माद्या निघू शकतात, आणि त्यांच्या भांडणात एक मरतो. दोन लहान घ्या, एक जरा मोठा असेल असा. आधीची मादी असेल तर नवा मासा तिच्या निम्म्या आकाराचा. त्याने तिच्यापुढे अंग थरथरवलं तर ती शरणागतीची खूण आहे, आजार नाही.

तुमच्या टाकीत ॲनिमोन आधीपासून आहे असं प्रतिक्रियेवरून वाटतं. तसं असेल तर वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) तोंडावर आजच जाड स्पंज किंवा जाळी बसवा. मनासारखी जागा मिळेपर्यंत ॲनिमोन रात्रीतून सरकत राहतो. पात्यात सापडला तर त्याच्या चिंधड्या होतात, पाणी नासतं आणि सकाळपर्यंत मासेही जातात. त्याला हलवायची वेळ आली तर दगडावरून ओढू नका, त्याचा पाय (दगडाला चिकटलेला तळ) फाटतो. दगडासकट उचला.