पावती मागू नका, राजेहो

आकाशवाणी-दूरदर्शनचा खर्च कोणी करायचा, असा विषय एखाद्या शहाण्यानं पारावर काढलाच, तर त्याला आधी सोयाबीनचा भाव विचारा. विषय तिथंच संपतो. नाही संपला तर म्हणा, "फुकट हाय ना भाऊ, मंग कायले इचारतं?" हे वाक्य पाठच करून ठेवा, जन्मभर पुरतं.

पूर्वी ते फुकट नव्हतं. रेडिओ घेतला की पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे. वर्षाला १५ रुपये. पुस्तकात तिकीट, तिकिटावर शिक्का. तपासणीला कोणी आल्याची कुणकुण लागली की घरातला ट्रान्झिस्टर ज्वारीच्या कोठीत गडप होई. कटकट होतीच, पण त्या पुस्तकानं लोकांना एक वाईट सवयही लावली होती. पैसे भरलेला माणूस "खरखर का येते?" असं विचारायचा. १९८० च्या दशकात सरकारनं लायसन्स बंद केलं आणि ती सवय मोडली. पुढे १९९० साली आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या संस्थेचा कायदा झाला. त्याच्या सतराव्या कलमात पैसा येण्याचे दोन मार्ग लिहिले आहेत: एक, लायसन्स फी जमा होत असेल तर ती, दोन, सरकारला आवश्यक वाटेल ती रक्कम. पहिला मार्ग कायदा होण्याआधीच बंद पडलेला होता. दुसरा व्यवस्थित चालू आहे. त्याची काळजी करू नका.

सरकार देतं म्हणजे कोणाचं देतं, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. टीव्ही घेतला तेव्हा १८ टक्के जीएसटी भरला, मोबाइलच्या रिचार्जवर दर वेळी भरता, ते विसरून जा. त्या बिलावर कुठं दूरदर्शनचं नाव असतं? नाव नाही म्हणजे हक्क नाही, हिशेब सरळ आहे. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनुसार प्रसार भारतीत ५ ऑक्टोबर २००७ ला असलेले जुने कर्मचारी हे प्रतिनियुक्तीवरचे सरकारी नोकरच. संस्था स्वायत्त, माणसं सरकारची. तेव्हा बातम्यांत मंत्रीसाहेब फीत कापताना तीनदा दिसले आणि बोंडअळी एकदाही दिसली नाही, तर कुरकुर करू नका. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. पोळी आपल्याच गव्हाची आहे, हे टाळी वाजवणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही.

सरकारचा पैसा नको वाटत असेल तर जाहिरातीवर विसंबा. आपल्या विदर्भाला यातला अनुभव दांडगा. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. दूरदर्शनच्या फ्री डिशचंही तसंच: छत्री एकदा विकत घ्यायची, दरमहा दमडी नाही, आणि खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होऊन प्रसार भारतीची तिजोरी भरते. जो जास्त बोली लावील तो तुमच्या घरात. फार लोकशाही पद्धत आहे. फक्त बोली लावायला तुम्ही नसता.

यात एक छोटीशी अडचण येते, ती मनाला लावून घेऊ नका. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, दुकानदार म्हणतो म्हणून दोन औषधं एकत्र कालवू नका, हे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी होण्याआधी रोज संध्याकाळी, आपल्या बोलीत, कंटाळा येईस्तोवर सांगायला पाहिजे. त्याला जाहिरात कोण देईल? औषध कंपनी? कमी फवारा म्हणणाऱ्या कार्यक्रमाला? म्हणून प्रायोजक मिळेपर्यंत थांबा. अळी थांबत नाही, त्याला इलाज नाही.

परदेशची उदाहरणं कोणी दिली तर हसा. इंग्रज लोक बीबीसीसाठी घरटी वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स भरत होते, २०२५ चा दर हा. जर्मनीत तर घरात टीव्ही असो-नसो, दर घराला महिन्याला १८ युरो ३६ सेंट. आपण नाही का खांबावरचा दिवा वर्षभर बंद असला तरी ग्रामपंचायतीचा दिवाबत्ती कर भरतो, तसं. फरक एवढाच की तिथला माणूस पैसे भरून वर भांडतो. त्यापेक्षा अमेरिका बरी. २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले १०० कोटी डॉलरहून जास्त पैसे एका कायद्यानं परत घेतले. पैसा सरकारच्या हाती ठेवण्याचा हा केवढा फायदा! नकोसं बोलणारा रेडिओ बंद करायला बटणही शोधावं लागत नाही.

एवढ्यावरही कोणी म्हणालं की निधी कायद्यानं बांधून द्या, दरवर्षी मंत्रालयापुढे पदर पसरायला लावू नका, आणि खर्चाचा हिशेब गावाला कळू द्या, तर त्याला समित्या दाखवा. वर्गीज समितीनं १९७८ मध्ये स्वायत्ततेचा आराखडा दिला, पित्रोदा समितीनं २०१४ मध्ये प्रसार भारतीवर अहवाल दिला. अहवाल आहेत म्हटल्यावर काम झालंच की.

आणि हाच माणूस ग्रामसभेत उभा राहून "आमच्या गावाच्या वाट्याच्या पैशाची पावती आम्हाला द्या" असा ठराव मांडायला लागला, तर घाबरू नका. चहाच्या निमित्तानं चार-चार जण हळूच उठून बाहेर निघा. कोरम मोडतो, सरपंच सभा तहकूब करतात. तहकूब सभेला कोरम लागत नाही, एवढं मात्र त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.