‘तक्रारी करायच्या तर स्टेअरिंग सोडा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर ‘घाटकरी’ या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. लेखात मी एवढंच म्हटलं होतं, की ॲम्ब्युलन्सच्या चालकानं गाडीतला दोष लेखी कळवला तर त्याची शिक्षा त्यालाच होता कामा नये, आणि वळणावर वेग किती ठेवायचा हे स्टेअरिंग ज्याच्या हातात आहे त्यानं ठरवायचं. निमित्त होतं दक्षिण रत्नागिरीतल्या एका तरुण चालकाचं. मागचे टायर गोटा झालेत असं त्यानं लिहून दिलं आणि थोड्याच दिवसांत त्याची घरापासून लांब बदली झाली.

त्यावर घाटकरी लिहितात: “ॲम्ब्युलन्सला नियम लागू नसतात, ज्याला तक्रारीच करायच्यात त्यानं स्टेअरिंग सोडून वडापावची गाडी टाकावी, पेशंटच्या जिवाशी खेळू नये.” पुढे बरंच काही आहे. पण मला बोलायचंय ते या एका वाक्यावर.

घाटकरीसाहेब, मत वेगळं असलं तर माझी काही हरकत नाही. पण ही भाषा कुठली? ज्या मुलाला तुम्ही वडापावची गाडी टाकायला सांगता, तो रात्री दोनला फोन आला की दहा मिनिटांत गाडी काढतो. बाळंतपणाची केस असो, साप चावलेला असो, नाहीतर हायवेवर उडवलेला माणूस असो. त्याच्याशी एक शब्द न बोलता तुम्ही त्याला कामचुकार ठरवलंत. आणि वडापाव विकणं हे काय हलकं काम आहे? हातखंब्याच्या तिठ्यावर अपरात्री आम्हाला गरम चहा दिला तो गाडीवाल्यांनीच. पेशंट पोचवून रिकामी गाडी परत आणताना त्या चहानं डोळे उघडे राहिलेत.

“तुम्ही स्वतः कधी रात्रीचा घाट चढलात का,” असंही विचारलंय. ऐका मग. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. मी आधी एका ट्रस्टची ॲम्ब्युलन्स चालवली, नंतर ठेक्यावरची, गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत. साखरप्याच्या पुढे धुकं बसलं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि मागून नातेवाईक ओरडत असतात, “मामा, दाबा जरा!” रत्नागिरीतून कोल्हापूरला रेफर झालेला पेशंट म्हणजे सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, मध्ये आंबा घाट. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. आज ज्या बाजूनं गेलो ती उद्या मातीच्या ढिगानं बंद आणि डायव्हर्जनचा बोर्ड अंधारात. परशुराम घाटात दरड आली म्हणून पेशंटसकट अडकून राहिलोय. सिंधुदुर्गातल्या मित्रांची तीच कथा: करूळ घाट बंद म्हणून भुईबावडा घाटातून जा, नाहीतर सरळ गोव्याला बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठा. आता सांगा, या रस्त्यावर मी किती दाबायला हवं होतं?

नियम लागू नसतात, असं तुम्ही ठासून लिहिलंय. हे वाक्य मी सुपरवायझरच्या तोंडून ऐकलंय, नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय, आता शिकल्यासवरल्या वाचकाकडून ऐकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. केंद्र सरकारची 2017 ची वाहनचालनाची नियमनं आहेत. त्यांत ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस अशा गाड्यांना अग्रक्रम आहे. तातडी असेल तर लाल दिवा ओलांडता येतो, वेगमर्यादा ओलांडता येते. पण ही सवलत चालकाला आहे, स्वतःच्या जबाबदारीवर आणि योग्य ती काळजी घेऊन. सवलत म्हणजे हुकूम नव्हे. ऑफिसात बसून फोनवर “अजून कुठे पोचलास?” म्हणणाऱ्याची जबाबदारी त्यात कुठेही लिहिलेली नाही. रस्ता न देणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनं 10,000 रुपये दंड आला, चांगलंच झालं. पण समोरचा दुचाकीवाला मेला तर गुन्हा चालकावरच. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 304-अ कलमाखाली 2 वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमानं ती 5 वर्षांपर्यंत गेली. जो तुरुंगात जाणार, वेग त्यानंच ठरवायचा ना? का तोही तुम्ही ठरवणार?

आणि पेशंटच्या जिवाचं म्हणाल तर कधीतरी मागे बसून या. भोस्ते घाटाच्या वळणांवर गाडी फेकली गेली की स्ट्रेचरवरचा माणूस पट्ट्यात आवळला जातो, सलाईनची सुई निघते, डॉक्टरला एका हातानं वरचा दांडा धरावा लागतो. छाती दाबायची वेळ आली तर दोन्ही हात लागतात, मग तो उभा राहणार कशाच्या आधारानं? म्हणून अनुभवी डॉक्टर स्वतःच काचेवर टकटक करून सांगतात, हळू घे. परदेशातल्या अभ्यासांत सायरन लावून वाचलेला वेळ बहुतेक वेळा थोड्या मिनिटांचाच निघालाय. अमेरिकेत तर 2022 साली आपत्कालीन सेवेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं इतर संघटनांना घेऊन निवेदन काढलं, की पेशंट रुग्णालयात नेताना दिवे-सायरनचा वापर 5 टक्क्यांहून कमी फेऱ्यांत असावा. त्यांचे रस्ते वेगळे, रुग्णालयांची अंतरं वेगळी, हे मीच सांगतो. आपल्याकडे तो आकडा चालणार नाही. पण जास्त वेग म्हणजे जास्त जीव, हे गणित त्यांनीही सोडून दिलंय. वेळ वाचवायचाच असेल तर तालुक्याच्या रुग्णालयात सर्जन आणि भूलतज्ज्ञ द्या. मग निम्म्या केसेस घाटात जाणारच नाहीत.

आता ‘तक्रारी’. माझ्या वडिलांच्या वेळी गाडीतला दोष डेपोत सांगितला म्हणून कुणी ड्रायव्हरला नाठाळ म्हणत नव्हतं. तो कामाचाच भाग होता. मी ठेक्यावर असताना ब्रेक लागत नाहीत असं लिहून दिलं, तेव्हा मला सांगितलं गेलं, “चालवायची नसेल तर दहा जण लाईनीत आहेत.” तो कागद कुणी घेतलासुद्धा नाही. गाडी घाटात उतरवताना मी दुसऱ्या गिअरवर धरून आणली, मागे ऑक्सिजन लावलेली म्हातारी होती. हे तुम्हाला पेशंटच्या जिवाशी खेळणं वाटत नाही, कागद देणं तेवढं वाटतं?

तासांचंही तेच. 1961 सालीच मोटार परिवहन कामगार कायद्यानं बस-ट्रकच्या चालकांचे तास दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 असे बांधले, पण आजारी-जखमींना नेणाऱ्या गाड्या त्यातून वगळल्या. बारा तासांची ड्यूटी संपता संपता कोल्हापूरचा रेफर आला आणि बदली माणूस नसला, तर तोच चालक जातो आणि तोच पहाटे परत घाट उतरतो. याबद्दल बोललं तर तक्रारखोर! 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे; औद्योगिक विवाद कायद्यात 2010 च्या दुरुस्तीनं ते आलं आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. अर्ज आल्यावर 30 दिवसांत काम पुरं करायचं असतं. किती चालकांना आपल्या समितीत कोण आहे हे ठाऊक आहे? मला तरी कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या मुलानं नेमका तोच रस्ता धरला, लेखी अर्ज, तारीख, पोच. माझ्या वयाचे आम्ही सगळे गप्प बसून गाडी हाकत आलो, तो बसला नाही. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तुम्ही त्याला टपरी टाकायला सांगता म्हणून मला राग आलाय. तो लपवायचं कारण दिसत नाही.

तुमचं एक म्हणणं मान्य. लेखात कलमं जास्त झाली आणि वाचताना दमायला होतं. आणि कोकणात सिग्नल आहेत किती, हेही खरं. इथे लाल दिव्यापेक्षा वळणावर बसलेली गुरं जास्त भेटतात.

108 सेवा मोफत आहे, लोकांनी उपकार मानावेत, वगैरे जे आहे त्यावर वाद घालत बसत नाही. 2014 साली ही सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिनं माणसं वाचवली, हे मी या ब्लॉगवर आधीही लिहिलंय. शोधा, सापडेल. मोफत गाडीलाही टायर लागतातच. राजकारणाचा परिच्छेद मी सोडून देतो.

शेवटी एक. तुम्ही त्या मुलाच्या गावाचं नाव आणि गाडीचा नंबर प्रतिक्रियेत टाकला होतात. तेवढं मी काढलंय, बाकी तुमचा शब्द न् शब्द तसाच आहे. त्या मुलाच्या प्रकरणाची चौकशी अजून चालू आहे. पुन्हा टाकलंत तर अख्खी प्रतिक्रिया काढेन.